रंगाच्या पोटातलं नाव

जुन्या मोटरसायकलींचा नाद असलेल्यांना एक कोडं हमखास पडतं. चाळीस वर्षं उन्हापावसात उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीचा रंग विटलेला असतो, क्रोमवर गंजाचे ठिपके आलेले असतात, पण कारखान्यातून आलेलं नाव अजून वाचता येतं. मग हौसेनं टाकी नव्यानं रंगवली जाते, तिच्यावर कोरं डिकल, म्हणजे नावाचं छापील चित्र, लागतं आणि पहिला उन्हाळा सरायच्या आत त्याखाली फुगे धरतात. कडा सुटतात. पेट्रोल भरताना सांडलेल्या चार थेंबांनी एखादं अक्षर विरघळतं. जुनं टिकलं आणि नवं गेलं, असं का व्हावं?

दोष बहुतेक वेळा डिकलच्या माथी मारला जातो. खरं कारण त्याच्या खाली आणि वर असतं. रंगकाम उरकल्यावर शेवटी चिकटवायची पट्टी म्हणून डिकलकडे पाहिलं, की ते बिघडतं. टाकीवर पत्र्यापासून चकाकीपर्यंत जे थर चढतात, त्यांतला तो मधला थर आहे. खालचा थर पुरता वाळलेला आणि वरचा थर त्याला न दुखावता बसलेला असेल, तर डिकल रंगाइतकंच टिकतं. हे कसं घडतं ते पायरीपायरीनं पाहू.

नाव म्हणजे गाडीची जन्मनोंद

आधी एक प्रश्न: एवढी मेहनत एका नावासाठी का घ्यायची? कारण टाकीवरच्या नावावरून गाडीचा काळ ओळखता येतो.

म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९६० साली उभा राहिला. रुस्तम आणि फारूख इराणी यांनी चेकोस्लोव्हाकियाच्या जावा कंपनीच्या परवान्यावर तिथं मोटरसायकली बांधायला घेतल्या. पहिली बारा-तेरा वर्षं गाड्यांवर ‘जावा’ हे नाव होतं. १९७३ पासून त्याच कारखान्याच्या गाड्यांवर ‘येझदी’ आलं आणि १९९६ साली उत्पादन थांबेपर्यंत तेच राहिलं. म्हणजे १९६८ च्या गाडीवर ‘येझदी’ लावलं, तर तिचा इतिहासच चुकतो.

इंग्लंडमधलं उदाहरण आणखी बोलकं आहे. हॉवर्ड रेमंड डेव्हिस या शर्यतपटूनं १९२५ साली आइल ऑफ मॅनची सीनियर टीटी शर्यत स्वतःच्या कंपनीच्या गाडीवर जिंकली. त्याच्या आद्याक्षरांवरून ‘एचआरडी’ हे नाव प्रसिद्ध झालं होतं. १९२८ साली फिलिप व्हिन्सेंटनं ते विकत घेतलं आणि स्टीव्हनेजच्या व्हिन्सेंट मोटरसायकलींवर ‘एचआरडी’ झळकू लागलं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी गिऱ्हाइकांचा हार्ले-डेव्हिडसनशी घोटाळा होऊ लागला, तेव्हा १९५० च्या सुमारास ही अक्षरं काढून टाकण्यात आली. त्यामुळे व्हिन्सेंटच्या काळ्या टाकीवरची सोनेरी अक्षरं पाहिली, की जाणकार गाडीच्या सालाचा अंदाज बांधतात. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटनच्या व्हिंटेज मोटरसायकल क्लबनं तर सभासदांना जुन्या गाड्यांची बिनचूक डिकलं मिळावीत म्हणून वेगळी योजनाच चालवली आहे.

आपल्याकडे २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल होऊन पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवण्याची सोय झाली. गाडीत मोठे फेरफार झालेले नसावेत, ही त्यातली अट. तेव्हापासून मूळ रूप जपण्याकडे मालक अधिक लक्ष देऊ लागले आहेत, आणि मूळ रूपात टाकीचा मान पहिला.

डिकलचे तीन प्रकार

सगळ्यांत जुना प्रकार वार्निशवर बसवायचा. यात चित्र कागदावर उलट्या क्रमानं छापलेलं असतं. चित्राच्या दर्शनी बाजूला वार्निशचा पातळ हात देतात, ते बोटाला चिकट लागेपर्यंत थांबतात, मग कागद टाकीवर दाबून बसवतात. नंतर पाण्यानं कागद भिजवून काढला, की चित्र मागे राहतं. जुन्या ब्रिटिश गाड्यांवर हीच रीत होती. उत्तम प्रतीच्या डिकलमध्ये सोनेरी भागासाठी खऱ्या सोन्याचा वर्ख वापरत.

दुसरा प्रकार पाण्यात सोडायचा. कागदावर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा थर, त्यावर पारदर्शक लॅकरचा पातळ पापुद्रा आणि पापुद्र्यावर छपाई, अशी त्याची रचना असते. कोमट पाण्यात धरलं, की डिंक सुटतो आणि पापुद्रा चित्रासह घसरू लागतो.

तिसरा प्रकार आज बाजारात सगळीकडे मिळणारा व्हिनाइल स्टिकर. यात पीव्हीसीच्या पातळ फिल्मला पाठीमागे गोंद असतो. या फिल्मचे दोन पोटप्रकार लक्षात ठेवण्याजोगे आहेत. एक रुळांमध्ये लाटून केलेली, स्वस्त. लाटताना तिला ताण बसलेला असतो, त्यामुळे ऊन लागलं की ती हळूहळू मूळ आकाराकडे आक्रसते आणि कडेला गोंदाची काळी रेघ उघडी पडते. दुसरी द्रवरूप पीव्हीसी ओतून, तसंच सुकवून केलेली. तिच्यात ताण नसल्यामुळे ती आक्रसत नाही आणि वळणावर चांगली बसते. स्टिकर करून घेताना ‘कास्ट व्हिनाइल’ हवं असं स्पष्ट सांगा.

छपाईचाही एक मुद्दा आहे. साध्या प्रिंटरच्या शाया पारदर्शक असतात. पांढऱ्या कागदावर उठून दिसणारं पिवळं अक्षर पारदर्शक पापुद्र्यावर छापून मरून टाकीवर लावलं, तर खालचा मरून वर येतो आणि अक्षर नाहीसं होतं. म्हणून गडद टाकीसाठी अक्षरांखाली पांढऱ्या शाईचा अपारदर्शक थर छापून घ्यावा लागतो. सोनेरीचंही तसंच. सोन्याची झळाळी धातूच्या कणांवरून प्रकाश परतण्यातून येते. नुसत्या पिवळ्या-तपकिरी शाईला ती साधत नाही.

थिनर लावण्याआधी नोंद

टाकीला थिनर किंवा पेंट रिमूव्हर लागला, की जुनी खूण कायमची जाते. म्हणून पहिलं काम मोजमापाचं. टाकीचे दोन्ही बाजूंनी, वरून आणि समोरून फोटो काढा. बटर पेपर डिकलवर ठेवून पेन्सिलीनं बाह्यरेषा गिरवा. नावाच्या दोन टोकांचं आणि मध्याचं अंतर न हलणाऱ्या खुणांपासून मोजा: पेट्रोलच्या झाकणाची कडा, टाकीची खालची शिवण, गुडघ्याच्या रबराचं भोक. दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजा. हातानं लावलेल्या जुन्या डिकलमध्ये थोडा फरक असू शकतो, आणि तो जपायचा की नाही हे तुम्हाला जाणूनबुजून ठरवता येतं.

मूळ रंग आणि नाव वाचण्याजोगं असेल, तर टाकी रंगवायचीच का, याचाही इथंच विचार करावा. हलकं पॉलिश करून मूळ थर राखता येत असेल, तर तो राखणंच उत्तम. रंग पुन्हा चढवता येतो, पण मूळ रंग पुन्हा आणता येत नाही. रंग बदलायचाच असेल, तर आरसी बुकात रंगाची नोंद असते हे ध्यानात ठेवून आधी आरटीओत चौकशी करा.

धोक्याची गोष्टही इथंच सांगायला हवी. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असली, की ठिणगीनं स्फोट होतो. भरलेल्या टाकीत वाफेला जागाच कमी असते. रिकाम्या टाकीत मात्र तळाला राहिलेल्या चमचाभर पेट्रोलनंही हे मिश्रण तयार होतं. वाफ हवेपेक्षा जड असल्यानं ती आपोआप निघूनही जात नाही. टाकी साबणाच्या पाण्यानं पुनःपुन्हा धुऊन, पुरती सुकवल्याशिवाय तिच्याजवळ ग्राइंडर, वेल्डिंग किंवा हीट गन आणू नका.

रंग वाळतो म्हणजे नेमकं काय होतं

सुरुवातीच्या कोड्याचं उत्तर इथं दडलं आहे. रंग दोन रीतींनी वाळतो.

पहिली रीत उडून जाण्याची. नायट्रोसेल्युलोज, म्हणजे आपल्याकडे ‘एनसी’ किंवा ‘ड्यूको’ म्हणून ओळखला जाणारा रंग, थिनरमध्ये विरघळलेला असतो. थिनर उडाला, की रंग मागे राहतो. ड्यूपाँट कंपनीनं १९२३ मध्ये ड्यूको बाजारात आणला. त्याआधी मोटारी रंगवायला आठवडे लागत, ते काम काही तासांवर आलं. पण या रंगाची एक मर्यादा आहे: जो थिनर उडून गेला, तोच पुन्हा लागला की रंग पुन्हा विरघळतो.

दुसरी रीत जोडणीची. ‘टू-के’ पीयू, म्हणजे पॉलीयुरेथेन, रंगात दोन डबे येतात, एक रंगाचा आणि एक हार्डनरचा. ते एकत्र केले, की रेणू एकमेकांत गुंफून जाळं तयार होतं. एकदा जाळं विणलं गेलं, की थिनर किंवा पेट्रोल ते सहजी सोडवू शकत नाही.

दोन्ही रीतींत रंग हाताला कोरडा लागला म्हणजे वाळला, असं नसतं. वरचा पृष्ठभाग आधी घट्ट होतो आणि आत अडकलेलं थिनर पुढे काही दिवस हळूहळू बाहेर पडत राहतं. पीयू रंगालाही साध्या हवेत पुरता पक्का व्हायला साधारण आठवडा लागतो. अशा अर्धवट वाळलेल्या रंगावर व्हिनाइल चिकटवलं, तर बाहेर पडणाऱ्या वाफेची वाट अडते. वाफ फिल्मखाली साठते, उन्हानं फुगते आणि फुगा दिसतो.

आता जुनं डिकल का टिकलं ते पाहा. त्या काळी कारखान्यांमध्ये रंगवलेले भाग सर्रास भट्टीत भाजत. शंभर अंशांहून अधिक उष्णतेत थिनर पूर्ण उडून जाई आणि रंग कडक होई. डिकल लागेपर्यंत खालून वर येण्यासारखं काही उरलेलंच नसे. गल्लीतल्या गॅरेजमध्ये भट्टी नसते. तिची जागा हार्डनर आणि धीर यांनी भरून काढायची.

पाया

पत्रा मोकळा झाला की गंज पूर्ण काढून त्यावर इपॉक्सी प्रायमर मारतात. खड्डे लांबीनं भरतात, घासतात, त्यावर सर्फेसर आणि मग रंग. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. त्यामुळे टाकीच्या आतल्या गंजाकडेही याच टप्प्यावर पाहावं. आतून पडलेलं सुईच्या टोकाएवढं भोकसुद्धा बाहेरचं सगळं काम उचलून टाकतं.

रंगाचा पहिला थर, म्हणजे बेसकोट, सुकल्यावर मंद दिसतो. त्यावर थेट डिकल लावण्याचा मोह होतो. लावलं, तर अक्षरांभोवतीच्या पारदर्शक भागात रुपेरी झाक येते. मंद पृष्ठभाग सूक्ष्म खळग्यांनी भरलेला असतो. डिकलचा पापुद्रा खळग्यांच्या काठांवर टेकतो आणि तळाशी हवा अडकते. त्या हवेवरून प्रकाश विखुरतो आणि डोळ्यांना तो रुपेरी दिसतो.

म्हणून बेसकोटवर आधी क्लिअरचे एक-दोन हात द्यायचे. क्लिअर म्हणजे रंग नसलेला, पारदर्शक पीयू थर. तो पक्का झाला की १००० किंवा त्याहून बारीक वॉटर पेपरनं पाण्यासकट समतल घासायचा. घासल्यामुळे पुढच्या क्लिअरला पकड मिळते, आणि पेपर बारीक असल्यानं खळगे इतके उथळ राहतात, की ओलं डिकल त्यांत बसून जातं. यात आणखी एक फायदा आहे: डिकल वाकडं लागलं आणि काढावं लागलं, तरी खालच्या रंगाला ओरखडा जात नाही.

शेवटी स्वच्छता. डॅशबोर्ड चकचकीत करणाऱ्या पॉलिशमधलं सिलिकॉन किंवा बोटांचं तेल टाकीवर राहिलं, तर त्या जागी ओला क्लिअर पसरत नाही. तो मागे सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. मेणकट डाग काढणाऱ्या द्रावणानं पुसा आणि त्यानंतर उघड्या हातानं टाकीला शिवू नका.

गोलाईची अडचण

कागद नळकांड्याभोवती गुंडाळला तर बिनसुरकुतीचा बसतो. तोच नारळाभोवती गुंडाळून पाहा: कितीही जपलं तरी चुण्या पडतातच. नळकांडं एकाच दिशेनं वळतं, नारळ दोन्ही दिशांनी. दोन्ही दिशांनी वळणाऱ्या पृष्ठभागावर सपाट गोष्ट ताणल्याशिवाय किंवा दुमडल्याशिवाय बसूच शकत नाही, हे गणितज्ञ कार्ल फ्रीडरिश गाउस यांनी १८२७ मध्ये सिद्ध केलं. मोटरसायकलची टाकी नेमकी अशीच दोन्ही दिशांनी फुगलेली असते.

तेव्हा डिकलला ताणायलाच हवं, आणि त्यासाठी त्याला मऊ करायला हवं. व्हिनाइल उष्णतेनं मऊ होतं. हेअर ड्रायरची कोमट हवा देत ते मध्यापासून कडांकडे दाबत न्यायचं. पाण्याच्या डिकलचा पापुद्रा पाण्यात मिसळलेल्या थोड्या व्हिनेगरनं किंवा बाजारात मिळणाऱ्या डिकल सॉफ्टनरनं नरम होतो आणि वळणावर निजतो. नरम झाल्यावर त्याला बोट लावू नका, कारण त्या क्षणी तो फाटायला तयारच असतो.

प्रत्यक्ष लावताना

आधी मास्किंग टेपनं नावाच्या वरच्या आणि डाव्या कडेची रेघ आखा. मघाशी घेतलेली मापं इथं कामाला येतात. व्हिनाइल असेल, तर टाकीवर साबणाचे एक-दोन थेंब घातलेलं पाणी फवारा. ओलाव्यामुळे गोंद लगेच धरत नाही आणि स्टिकर सरकवून जागेवर आणता येतं. मग मऊ रबरी पट्टीनं मध्यातून बाहेर पाणी निपटा.

पाण्याचं डिकल कोमट पाण्यात अर्धा ते एक मिनिट धरा. कागदावर चित्र किंचित सरकू लागलं, की बाहेर काढा. जास्त वेळ ठेवलं, तर डिंक पूर्ण धुऊन जातो आणि चिकटायला काही उरत नाही. टाकीही ओली ठेवा. कागद टाकीला टेकवून चित्र कागदावरून टाकीवर सरकवा, कागद काढून घ्या आणि ओल्या स्पंजनं पाणी बाहेर ढकला.

त्यानंतर सगळ्यांत जास्त चुकणारी पायरी येते: डिकलभोवती सांडलेला डिंक स्वच्छ पाण्यानं पुसून काढणं. डिंकाचा अदृश्य थर राहिला, तर त्यावर मारलेला क्लिअर टाकीला न धरता डिंकाला धरतो आणि पुढे पापुद्र्यासारखा सुटतो. पुसून झाल्यावर किमान एक पूर्ण दिवस टाकी सावलीत सुकू द्या. घाईनं क्लिअर मारला, तर आतलं पाणी उन्हात वाफ होऊन तोच फुगा धरेल.

वरचा थर

क्लिअरमध्ये थिनर असतं आणि पुरेसं थिनर डिकलच्या पापुद्र्यालाही सुरकुत्या पाडू शकतं. तेव्हा पहिला हात अगदी कोरडा मारायचा: स्प्रे गन लांब धरून, धुक्यासारखा. हा फवारा टाकीवर पोचेपर्यंत त्यातलं बरंचसं थिनर हवेतच उडतं. तो सुकला, की तसाच दुसरा. या दोन हातांचं कवच तयार झाल्यावरच भरगच्च ओला हात द्यायचा. टाकीवर मारण्याआधी उरलेला डिकलचा तुकडा जुन्या पत्र्यावर लावून त्याच क्लिअरची परीक्षा घ्या.

आता कडेचा प्रश्न. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. व्हिनाइल साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतं, तर क्लिअरचा एक हात सुकल्यावर २० ते ३० मायक्रॉन भरतो. म्हणजे एका हातात व्हिनाइलची कड बुडणं शक्यच नाही. दोन-तीन हात देऊन ते पक्के होऊ द्यायचे, कडेभोवतीचा उंचवटा बारीक वॉटर पेपरनं हलक्या हातानं घासायचा, पुन्हा क्लिअर मारायचा. बोटाला कड लागेनाशी होईपर्यंत हे करायचं. पाण्याचं डिकल बरंच पातळ असल्यानं त्याला एवढा खटाटोप लागत नाही. शेवटी रबिंग कंपाउंडनं चकाकी आणायची. आता डिकल आणि पेट्रोल यांच्यामध्ये रेणूंचं जाळं आलेलं असतं, आणि क्लिअरमधले ऊनरोधक घटक शायांचं फिकं पडणंही लांबवतात.

पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. ती श्वासात गेली, तर कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून हे काम करू नये. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क असलेल्या पेंटरकडून स्प्रेबूथमध्येच करून घ्यावं.

पावसाळा टाळा

थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो. कोकणात किंवा घाटमाथ्यावर जुलैत हवा दमट असते, तेव्हा या थंड पृष्ठभागावर बाष्प जमतं आणि एनसी रंगावर पांढुरकी धुरकट झाक येते. पीयूच्या हार्डनरची पाण्याशी प्रक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि क्लिअरमध्ये बारीक बुडबुडे अडकतात. दसऱ्यानंतरची कोरडी हवा या कामाला सगळ्यांत चांगली.

थोडक्यात

• जुनं नाव खरवडण्याआधी फोटो, बाह्यरेषा आणि मापं घ्या. गाडीच्या सालाचंच डिकल निवडा.
• क्रम असा: पत्रा, प्रायमर, लांबी, सर्फेसर, बेसकोट, पातळ क्लिअर, डिकल, पुन्हा क्लिअर.
• डिकलखालचा थर पक्का व्हायला साधारण आठवडा द्या.
• डिकलभोवतीचा डिंक पुसा, मग एक दिवस सुकवा.
• क्लिअरचे पहिले दोन हात धुक्यासारखे, नंतर ओले.
• रिकाम्या टाकीची वाफ आणि हार्डनरची वाफ, दोन्हींना जपा.

पेंटरशी ठरवताना किमतीआधी दोन प्रश्न विचारा: डिकल कोणत्या थरावर लावणार, आणि त्याआधी टाकी किती दिवस सुकवणार? ज्याच्याकडे या दोन्हींची नेमकी उत्तरं आहेत, त्याच्या हाती टाकी निर्धास्त सोपवा. तो जास्त दिवस मागत असेल तर आनंदानं द्या, कारण नाव टिकतं ते त्याच दिवसांच्या जोरावर.